पोच द्या, कोणी दोनदा दाबणार नाही

प्रति,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : ऑनलाइन अर्ज चुकून दोनदा दाखल होणे थांबवण्याबाबत

सन्माननीय महोदय,


मी वाणगावची. आठवडाभर लोकलने बोईसरला जाते आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. वाणगाव स्टेशनाजवळ माझ्या मैत्रिणीचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचं यंत्र आणि भिंतीला टेकवलेलं लाकडी बाकडं. कुठल्याही अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की त्या बाकड्यावर जागा उरत नाही. अशा रविवारी मी तिच्या मदतीला बसते. त्या बाकड्यावर जे पाहिलं त्याबद्दल हे पत्र आहे.

जुलैचा रविवार होता, बाहेर संततधार. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. सगळी माहिती तिनेच भरली, फोटो चढवला, सही चढवली. शुल्कासाठी वडिलांनी खात्यात पैसे आधीच भरून ठेवले होते. तिने ‘सादर करा’वर बोट ठेवलं आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. एक मिनिट झालं, दोन झाली. पावसात इथलं नेटवर्क असंच येतं-जातं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

पैसे दोनदा कापले गेले. अर्ज क्रमांकही दोन मिळाले, आणि त्यातला खरा कोणता ते सांगणारं कोणी नव्हतं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘एकापेक्षा जास्त अर्ज आढळल्यास सर्व अर्ज रद्द करण्यात येतील.’ पुढचे पंधरा दिवस त्या घराने कसे काढले असतील याची कल्पना मी करू शकते. अखेर एक अर्ज रद्द झाला, एक टिकला आणि जास्तीचे पैसे बऱ्याच दिवसांनी परत आले. त्या दिवशी दुकानातून निघताना वडिलांनी विचारलं होतं, “ताई, चूक कोणाची झाली?” मी बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “माझीच. मी घाई केली.”

चूक तिची नव्हती. एवढंच सांगण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे आणि ते का, हे पुरावे देऊन सांगणार आहे.

ते संकेतस्थळ शासनाचं नव्हतं, एका खासगी संस्थेचं होतं. तरीही पत्र तुम्हाला लिहिते. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त अर्ज शासनाकडे येतात आणि शासन जो पायंडा पाडतं तोच पुढे शाळा, महाविद्यालयं, पतपेढ्या गिरवतात. तुमची निविदा जे मागेल तेच शंभर कंपन्या बांधायला शिकतील.

आधी मुळात काय घडतं ते पाहू. अर्जदाराने बटण दाबलं की अर्ज फोनमधून टॉवरला, तिथून दूरच्या सर्व्हरला पोहोचतो. सर्व्हर तो नोंदवून घेतो आणि ‘मिळाला’ असं उत्तर परत पाठवतो. या वाटेत तुटण्याच्या जागा दोन. एक जाताना, दुसरी येताना. जाताना तुटलं तर अर्ज पोहोचलेलाच नाही, पुन्हा दाबणं भाग आहे. येताना तुटलं तर अर्ज पोहोचला आहे, फक्त उत्तर हरवलं आहे. इथे पुन्हा दाबलं की दुसरा अर्ज तयार होतो. अर्जदाराला मात्र दोन्ही वेळा पडद्यावर तेच गोल चक्र दिसतं. एका वेळी दाबायलाच हवं, दुसऱ्या वेळी दाबता कामा नये, आणि कोणती वेळ कोणती ते कळायला मार्ग नाही. वीस वर्षं संगणकावर काम केलेल्या माणसालाही पडद्याकडे बघून ते सांगता येणार नाही. मग डोंगरातल्या मुलीने ते ओळखावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दुहेरी अर्जाच्या आणखीही वाटा आहेत. संगणकावर प्रत्येक गोष्ट दोनदा टिचकी मारून उघडायची सवय असते, तीच बोटं बटणावरही दोनदा पडतात. पान अडकलं म्हणून कोणी रिफ्रेश करतं. कोणी मागे जाऊन पुन्हा पुढे येतं. कधी फोनमधलं अ‍ॅप स्वतःच उत्तर न आल्यामुळे गुपचूप दुसऱ्यांदा पाठवतं. अशा वेळी तर माणसाने एकदाच दाबलेलं असतं. आणि कधी वाणगावला भरलेला अर्ज गेला की नाही या धास्तीने घरचे डहाणूला जाऊन दुसऱ्या केंद्रात तोच अर्ज पुन्हा भरतात.

आमच्याकडे मिरचीच्या वाड्या आहेत, भोपळी मिरचीची शेती आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर इथल्या लहान पोरालाही माहीत असतो. हिरवं बटण दाबलं की मोटार सुरू होते. सुरू असताना तेच बटण आणखी दहा वेळा दाबा, मोटार आहे तशीच चालू राहते, दहा मोटारी सुरू होत नाहीत. देवळातली घंटा वेगळी. जितके टोले द्याल तितक्यांदा ती वाजते. अर्जाचं ‘सादर करा’ हे बटण आज अनेक ठिकाणी घंटेसारखं बांधलेलं असतं. ते स्टार्टरसारखं बांधता येतं. कितीही वेळा केलं तरी परिणाम एकदाच, या गुणाला गणितात नाव आहे आणि अमेरिकी गणिती बेंजामिन पर्स यांनी ते १८७० मध्येच दिलं. इंटरनेटच्या नियमावलीतही हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे. पान नुसतं वाचायला मागणं ही पुन्हा पुन्हा करता येणारी गोष्ट. अर्ज पाठवणं तशी गोष्ट नाही, ती सुरक्षित करायची असेल तर बांधणाऱ्याने वेगळी व्यवस्था करायला हवी. म्हणजे हा धोका कोणालाच ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही.

आणि खरं सांगायचं तर आपल्या सरकारी कचेऱ्यांना यावरचा उपाय संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. त्याचं नाव आवक नोंदवही. अर्ज टेबलावर आला की आवक-जावक पाहणारा लिपिक त्याला क्रमांक द्यायचा, तारीख टाकायचा आणि आपल्या जवळच्या प्रतीवर शिक्का मारून द्यायचा. तो शिक्का हातात पडला की माणूस निश्चिंत घरी जायचा. आठ दिवसांनी धीर सुटून तोच अर्ज घेऊन तो पुन्हा आला, तर चांगला लिपिक नोंदवही उलटून म्हणायचा, “अहो, तुमचा अर्ज आलाय की मागच्या सोमवारी. हा घ्या नंबर.” तो दुसरा अर्ज नोंदवायचा नाही, पहिला फाडायचा नाही आणि दोनदा आलात म्हणून दोन्ही रद्द असं तर कधीच म्हणायचा नाही. जुनाच क्रमांक पुन्हा सांगायचा. संगणकशास्त्राने याहून शहाणं असं फार काही शोधलेलं नाही.

कायद्यानेही हेच मानलं आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अर्ज मिळाल्याची पोच द्यावी लागते, त्यात अर्ज मिळाल्याची तारीख, अर्जाचा एकमेव क्रमांक आणि सेवा किती मुदतीत मिळेल हे सांगावं लागतं. ‘एकमेव क्रमांक’ हा त्यातला गाभा आहे. ज्या पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि क्रमांक येत नाही, तो पडदा पोच देत नाही. ज्या यंत्रणेत एका माणसाच्या एका अर्जाला दोन क्रमांक पडतात, तिथे क्रमांक एकमेव राहत नाही. म्हणजे मी मागते आहे ते नवं काहीच नाही, कायद्यातल्या पोचपावतीचीच मागणी मी करते आहे.

कागदाची ही ताकद आपण अडचणीच्या वेळी स्वतः वापरलेली आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांसाठी उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरायचे होते. संकेतस्थळावर ताण आला, उमेदवार ताटकळले आणि ३० डिसेंबर २०२० या शेवटच्या दिवसासाठी राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने कागदावर अर्ज घ्यायला मुभा दिली, वेळही वाढवून दिली. लोकांच्या हक्काचं रक्षण करणारा तो निर्णय होता. मला त्यात एक धडा दिसतो. कागद हळू चालतो, पण तो घेतला की घेतला हे दोन्ही बाजूंना कळतं. संगणक वेगाने चालतो, पण तेवढी एक गोष्ट सांगायला विसरला तर त्याचा सगळा वेग पाण्यात जातो.

हा प्रश्न किती मोठा? २०२३ ची तलाठी भरती घ्या. ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९०० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे ९०० रुपये एकदा जास्तीचे कापले गेले तर घरातल्या माणसाची तीन दिवसांहून जास्त मजुरी अडकून पडते. मी असं म्हणत नाही की त्या भरतीत अमुक इतके अर्ज दुहेरी झाले. फक्त हिशेब मांडते. हजारात एकाच्या हातून बटण दोनदा दाबलं गेलं तरी दहा लाखांत ती एक हजार घरं होतात. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा गर्दी याहून मोठी होती. दिवसा सर्व्हर दमलेला, म्हणून अंगणवाडी सेविका रात्री जागून बायकांचे अर्ज भरत होत्या. उत्तर येत नाही आणि बाहेर रांग आहे, अशा वेळी माणूस बटण पुन्हा दाबतोच.

पैसे परत मिळण्याचा नियम आहे, असं यावर कोणी म्हणेल. आहे, आणि तो चांगला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन खरेदीत खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला त्याची खातरजमा मिळाली नाही, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. अर्ज दोनदा गेला आणि दोन्ही वेळा पैसे नीट पोहोचले, तर बँकेच्या लेखी काहीच फसलेलं नसतं. दोन यशस्वी व्यवहार झालेले असतात. मग ते पैसे परत मिळवायला अर्जदारालाच अर्ज घेणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. सगळ्यात गरिबाला सगळ्यात जास्त हेलपाटे, ते असे.

पैशांहून जड शिक्षा रद्द होण्याची. पोलीस भरतीत एका पदासाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांतही एका बालकाचे दोन अर्ज भरू नका, असं पालकांना बजावलं जातं. हे नियम आवश्यक आहेत. एकाच माणसाने सोडतीत पाच चिठ्ठ्या टाकल्या तर बाकीच्यांवर अन्याय होतो. पण मुद्दाम वेगवेगळी माहिती भरून केलेले पाच अर्ज आणि नेटवर्क गेलं म्हणून एका मिनिटात दोनदा गेलेला, अक्षर न अक्षर सारखा असलेला अर्ज, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिला लबाडी असू शकतो. दुसरा म्हणजे ‘मला पोच मिळाली नाही’ हे अर्जदाराने सांगण्याचा एकमेव मार्ग आहे.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याच्या फाटकासाठी मी टँकरच्या आवक नोंदीचा फॉर्म लिहिला होता. पावसाळ्यात नेट अडखळलं, फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने तीनदा बटण दाबलं आणि एक टँकर साठ्यात तीनदा जमा झाला. हिशेब जुळेना तेव्हा खुलासा त्या रक्षकाकडून मागितला गेला, माझ्याकडून नाही. रसायनाचे दोन टँकर कागदावर आहेत आणि टाकीत नाहीत, ते गेले कुठे, असं त्याला विचारलं गेलं. मी तिथे जाऊन सांगितलं की दोष माझ्या प्रोग्रामचा आहे. दुरुस्तीला एक दुपार पुरली. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती मात्र मी विसरलेले नाही.

हीच गोष्ट जगात फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या शाखांना होरायझन नावाची संगणक यंत्रणा दिली होती. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथे ८,००० पौंडांची रोकड जमा करताना पडदा गोठला. शाखा चालवणाऱ्या बाईंनी एंटर पुन्हा पुन्हा दाबलं आणि ८,०००ची नोंद चार वेळा होऊन ३२,००० झाली. न आलेले २४,००० पौंड हिशेबात त्यांच्या नावावर बसले. हा दोष पुढे न्यायालयात ‘डॅलमेलिंग्टन दोष’ म्हणूनच ओळखला गेला. होरायझनमध्ये असे इतरही अनेक दोष होते आणि त्या यंत्रणेच्या आकड्यांवर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त शाखाचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवलं गेलं. त्यांत भारतीय वंशाची माणसंही होती. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने यंत्रणेतले दोष मान्य केले आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा करून त्यांतल्या बऱ्याच शिक्षा पुसून टाकल्या. यंत्र खोटं बोलणार नाही, माणूसच बोलत असेल, हे गृहीतक इतकी वर्षं नीट तपासलं गेलं नाही. ‘सर्व अर्ज रद्द’ या आपल्या ओळीमागेही तेच गृहीतक आहे.

आता उपाय. तो महाग नाही, अवघड नाही आणि त्याला नवा शोध लागत नाही. चार भिंती बांधायच्या आहेत आणि चारही हव्यात.

पहिली भिंत बटणाची. एकदा दाबलं की बटण फिकं पडावं, निष्क्रिय व्हावं आणि तिथे मराठीत लिहिलेलं यावं, ‘अर्ज पाठवत आहोत, कृपया थांबा.’ याने घाईच्या दुहेरी टिचक्या थांबतात. पण ही कुडाची भिंत आहे. फोन बंद पडून सुरू झाला, पान पुन्हा उघडलं, अ‍ॅपने स्वतः दुसऱ्यांदा पाठवलं की ती निरुपयोगी ठरते. अनेक संकेतस्थळं इथेच थांबतात आणि काम झालं असं समजतात.

दुसरी भिंत जन्मक्रमांकाची. अर्जाचं पान उघडतानाच सर्व्हरने त्याला एक गुप्त, एकमेव क्रमांक द्यावा. अर्ज कितीही वेळा पाठवला गेला तरी हाच क्रमांक त्याच्यासोबत जाईल. सर्व्हरने पाहायचं की हा क्रमांक आपण आधी हाताळला आहे का. हाताळला असेल तर पुन्हा नोंद करायची नाही आणि ‘चूक’ असंही म्हणायचं नाही. पहिल्या वेळी जी पावती दिली होती तीच पुन्हा द्यायची. पहिला अजून प्रक्रियेत असेल तर तसं सांगायचं. आवक टेबलावरचा तो शहाणा लिपिक हाच. पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रणा हे कधीपासून करत आल्या आहेत.

तिसरी भिंत नोंदवहीची, आणि ही दगडी आहे. बरेच प्रोग्रामर असं लिहितात की आधी डेटाबेसमध्ये शोधा, या उमेदवाराचा अर्ज नसेल तर नोंदवा. वाचायला बरोबर वाटतं. पण कल्पना करा की एका नोंदवहीवर दोन लिपिक बसले आहेत आणि एकाच अर्जाच्या दोन प्रती दोघांच्या हातात एकाच क्षणी पडल्या. दोघांनी नोंदवही पाहिली, दोघांना नाव दिसलं नाही, दोघांनीही लिहिलं. सर्व्हरवर असे लिपिक दोन नसतात, शेकडो असतात. म्हणून ‘एक जाहिरात, एक पद, एक उमेदवार, एकच ओळ’ हा नियम लिपिकांच्या भरवशावर न सोडता नोंदवहीलाच घालून द्यावा लागतो. डेटाबेसमध्ये ती सोय असते. मग दुसरी ओळ लिहू पाहणाऱ्याला नोंदवही स्वतःच अडवते.

चौथी भिंत पावतीच्या पानाची. अर्ज स्वीकारला की अर्जदाराला त्याच पानावर न ठेवता पावतीच्या वेगळ्या पानावर न्यायचं. इंटरनेटच्या नियमावलीत यासाठी ३०३ या क्रमांकाचा संकेत आहे. मग त्याने कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा दिसते, अर्ज पुन्हा जात नाही. शिवाय तोच क्रमांक संदेशानेही पाठवायचा, म्हणजे वीज गेली तरी पोच हातात राहते.

पैशांसाठी एक पायरी जास्त. शुल्क अर्जाच्या क्रमांकाशी बांधलेलं असावं आणि दुसऱ्यांदा पैसे मागण्याआधी सर्व्हरने स्वतः बँकेच्या यंत्रणेला विचारावं की या अर्जाचे पैसे आले आहेत का. तरीही दोनदा आलेच, तर जास्तीचे पैसे न मागता परत जावेत. आपल्याकडे जास्त आलं आहे हे ज्याला दिसतं त्याने ते परत करायचं. बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा एवढं पाळते.

इथे एक काळजीचा शब्दही सांगायला हवा, कारण दुहेरी अर्ज अडवण्याच्या उत्साहात खरे अर्ज अडतात. आमच्या पाड्यांवर अख्ख्या घरात एक फोन असतो, कधी तोही शेजाऱ्याचा. थोरलीचा अर्ज भरून झाला की धाकटीच्या वेळी पडदा म्हणतो, ‘हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.’ मग दुकानदार स्वतःचा क्रमांक टाकतो, संदेश त्याच्याकडे जातात आणि धाकटीला निवड झाल्याचं कळतच नाही. जुळ्या भावंडांचे आईवडील, जन्मतारीख, पत्ता सगळं एकच असतं, ती दोन मुलं आहेत हे यंत्राला कळायला हवं. फोन ही माणसाची ओळख मानू नये. आणि ‘आधीच नोंद आहे’ एवढंच सांगून दार लावू नये. स्वतःची ओळख पटवल्यावर अर्जदाराला आधीचा क्रमांक, तारीख आणि अर्ज पूर्ण झाला की अर्धवट राहिला हे दिसावं. ओळख पटण्याआधी यातलं काही दाखवू नये, नाहीतर कोणीही कोणाचाही आधार क्रमांक टाकून त्याच्या अर्जाचा माग काढेल.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा :

१. शासनासाठी अर्जाचं संकेतस्थळ किंवा अ‍ॅप बनवण्याच्या प्रत्येक निविदेत ‘तोच अर्ज पुन्हा आल्यास तीच पावती मिळेल’ ही अट लिहावी आणि ती पूर्ण झाल्याखेरीज काम स्वीकारू नये.

२. स्वीकारण्याआधीची चाचणी मंदावलेल्या, मध्येच तुटणाऱ्या नेटवर्कवर, साध्या फोनवर घ्यावी. उत्तर मुद्दाम अडवून अर्ज वीस वेळा पाठवावा आणि नोंद एकच झाली का ते पाहावं.

३. ‘एकापेक्षा जास्त अर्ज आढळल्यास सर्व रद्द’ या ओळीत बदल करावा. माहिती तंतोतंत सारखी असेल तर ते अर्ज एकच मानावेत. फरक असेल तर अर्जदाराला विचारावं आणि निवड करायला मुदत द्यावी. लबाडीची चौकशी वेगळी चालावी.

४. जास्तीचं शुल्क परत करण्याची मुदत प्रत्येक जाहिरातीत छापावी आणि ते अर्जदाराने न मागता मिळावं.

५. पोच, थांबा, चूक, पुन्हा प्रयत्न करा, हे सगळे संदेश आधी मराठीत लिहावेत, आणि ‘अर्ज मिळाला’ हे शब्द पडद्यावर सगळ्यात मोठे असावेत.

महोदय, तुमच्या खात्यातल्या अभियंत्यांसाठी एक आमंत्रणही आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी डहाणू लोकल पकडा. बोईसरनंतरचं स्टेशन वाणगाव. मैत्रिणीच्या दुकानात त्या लाकडी बाकड्यावर बसा आणि तुम्ही बांधलेला अर्ज स्वतःच्या फोनवर भरा. चक्र फिरायला लागेल, नेटवर्क जाईल, येईल. मग बटण पुन्हा दाबा. तिसऱ्यांदा दाबा, पाचव्यांदा दाबा. पाचही वेळा एकच क्रमांक समोर आला तर मी त्याची प्रिंट काढून दुकानाच्या भिंतीवर चिकटवीन. पुढच्या रविवारी बाकड्यावर बसलेल्या मुलीने घाबरून माझ्याकडे पाहिलं, तर तो कागद दाखवून मला म्हणता येईल, “दाब गं पुन्हा. काही होत नाही.”

आपली विश्वासू,
वाणगावची एक रहिवासी
ता. डहाणू, जि. पालघर